आमच्याकडे कॉम्प्युटरच्या आधी मॅगझिन आलं

नाशिकरोडला कोणालाही विचारा आयएसपी म्हणजे काय, तो हात करून प्रेस दाखवेल. इंडिया सिक्युरिटी प्रेस. पोस्टाची तिकिटं, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट छापणारी. शेजारी सीएनपी, म्हणजे नोटांची. आमचे अण्णा आयएसपीत होते, आम्ही नेहरूनगरच्या क्वार्टर्समधे वाढलो आणि सोळाव्या वर्षापर्यंत मला आयएसपी या शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो हे माहीतच नव्हतं. मग १९९९ मधे एका कॉम्प्युटर मॅगझिनमधे वाचलं की तुमचा आयएसपी, म्हणजे इंटरनेट देणारी कंपनी, नीट सर्व्हिस देत नसेल तर सरळ आयएसपी बदला. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा जेवत होते, मान वर न करता म्हणाले, "आमची नाही बदलता येत. रिटायर होईपर्यंत तीच."

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात पंचवटी पकडायला स्टेशनवर गेलो होतो. गाडी लेट, म्हणून सवयीने बुकस्टॉलपाशी उभा राहिलो. एमपीएससीची चार, बायकांची दोन, भविष्याचं एक, बाकी जागा वेफर्स, पाण्याच्या बाटल्या आणि पॉवर बँकने भरलेली. मी उगाच विचारलं, "भाऊ, कॉम्प्युटरचं मॅगझिन आहे का एखादं?" त्याने मला कॉम्प्युटर ऑपरेटरच्या भरतीचं गाईड काढून दिलं. बिचाऱ्याचं काही चुकलं नाही.

तर मॅगझिन. आमच्या घरी कॉम्प्युटर आला २००० च्या दसऱ्याला, आणि पहिलं मॅगझिन आलं त्याच्या दीड वर्ष आधी. म्हणजे दीड वर्ष मी कॉम्प्युटर नसताना कॉम्प्युटरचं मॅगझिन वाचत होतो, आणि वाचत होतो म्हणजे पाठ करत होतो. तेव्हा चिप नावाचं मिळायचं, सोबत सीडी असायची (पुढे २००१ मधे ते काढणारे जसुभाईवालेच डिजिट नावाने आले), आणि पीसीक्वेस्ट होतं जे १९८७ पासून चालू होतं आणि जरा मोठ्या लोकांचं वाटायचं, सर्व्हर, नेटवर्किंग वगैरे. घ्यायला प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशनवर जायचं, कारण मुंबईहून गाडीने येणारा अंक स्टॉलवर शहराच्या आधी एक-दोन दिवस लागायचा असा माझा समज होता. खरा होता की नाही देव जाणे, पण त्या समजापायी किती प्लॅटफॉर्म तिकिटं काढली असतील. मग अंक हातात घेऊन घरापर्यंत चालत यायचं, प्लास्टिक न फोडता, कारण फोडलं की संपायला सुरुवात होते.

सीडी टाकायला घरात काही नव्हतंच. ती मी उन्हात धरून भिंतीवर इंद्रधनुष्य पाडत बसायचो. आईला वाटायचं पोरगं वाया चाललंय.

पण वाचायला मजा यायची राव. आपल्याकडे नसलेल्या गोष्टीचं वाचायला जास्तच येते. मला मदरबोर्डचा स्लॉट आणि सॉकेटमधला फरक माहीत होता, एजीपी म्हणजे काय माहीत होतं, कुठल्या चिपसेटला किती रॅम चालते हे माहीत होतं, आणि प्रत्यक्षात मी माऊस हातात धरला होता फक्त क्लासमधे, तोही आठवड्यातून दोन तास. क्लास म्हणजे तोच, चपला बाहेर काढा, एसी, पडदे लावलेले, सर सांगतील ते बटण दाबायचं आणि एका मशीनवर तीन पोरं. तिथे अजून डॉस, वर्डस्टार आणि सव्वापाच इंची फ्लॉपी चालू होती, आणि बाहेर विंडोज ९८ येऊन वर्ष होत आलं होतं. मी मॅगझिनमधले क्यूबेसिकचे प्रोग्रॅम शंभर पानी वहीत उतरवून घ्यायचो, घरी पेन्सिलीने ड्राय रन करायचो, म्हणजे एक्सची किंमत आता पाच, आता सहा, लूप फिरला, असं, आणि शनिवारी क्लासला जाऊन टाइप करायचो. एकदा अख्खा एक तास सिंटॅक्स एरर येत राहिली. छापलेला एक आहे की स्मॉल एल आहे हे मला त्या फॉन्टमधे कळलंच नव्हतं, वहीत मी सगळीकडे एल लिहून ठेवला होता. तासाचे पैसे गेले. पण एक आणि एल ही चूक त्यानंतर आयुष्यात परत केली नाही आणि माझं पोट आज ज्या कामावर चालतं त्यात ही चूक फार महाग पडते.

त्याच सरांकडून जोशी व्हायरसची गोष्ट ऐकली. ही खरी आहे हं, १९९० मधे भारतात सापडलेला व्हायरस, फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून पसरायचा, आणि पाच जानेवारीला मशीन अडवून बसायचा, हॅपी बर्थडे जोशी असं टाइप केल्याशिवाय पुढे जायचंच नाही. सर सांगायचे की एका बॅचला पाच जानेवारीला हे झालं आणि बॅचमधे जोशी आडनावाचा मुलगा होता, त्याला सगळ्यांनी धरलं. तो शपथा घेतोय, माझा वाढदिवस जूनमधे असतो. ही दुसरी अर्धी गोष्ट सरांनी रचलेली असणार, पण मला आवडते.

आता अण्णांकडे येतो, कारण खरं तर हे सगळं अण्णांबद्दलच आहे.

अण्णांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण नवा अंक आला की पहिला ते हातात घ्यायचे. वाचायचे नाहीत. पान अंगठा आणि बोटात धरून चोळायचे, मग कानापाशी नेऊन एक टिचकी मारायचे. "आर्ट पेपर. नव्वद जीएसएम असेल." (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, कागदाचं वजन.) मग त्यांचं छोटं भिंग काढून फोटोवर ठेवायचे आणि मला बोलवायचे, बघ, निळा, गुलाबी, पिवळा, काळा, चारच रंगांची टिंबं आहेत आणि तुझ्या डोळ्याला मॉनिटर दिसतोय. एखाद्या पानावर रंगाची कड बाहेर आलेली दिसली की चेहरा वाकडा. "रजिस्ट्रेशन हललंय. आमच्याकडे असं शीट गेलं असतं का बाहेर!" मग अंकाच्या पाठीवर बोट फिरवायचे, पानं मोजायचे आणि सांगायचे, नऊ फर्मे. फर्मा म्हणजे सोळा पानं, मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून घडी घालून कापतात ती. मॅगझिन कधी दहा पानांनी वाढत नाही आणि कधी तीन पानांनी कमी होत नाही, ते फर्म्याने वाढतं आणि फर्म्याने कमी होतं. हे मी तेव्हा नुसतं ऐकलं. उपयोगाला नंतर आलं.

२००० च्या दसऱ्याचं सांगतो. अण्णांनी पीएफमधून पैसे काढले आणि आम्ही एमजी रोडला एका दुकानात असेम्बल करायला दिला. सेलेरॉन, चौसष्ट एमबी रॅम, दहा जीबीची हार्ड डिस्क, पंधरा इंची मॉनिटर, हे सगळं मी मॅगझिनच्या पानांवर पेनने गोल करून नेलं होतं. दुकानाचं नाव सांगत नाही, आता ते दुकान नाहीच. संध्याकाळी घ्यायला गेलो, दुकानदाराने चालू करून दाखवला. तुमच्यातल्या जुन्यांना आठवेल, चालू केल्या केल्या काळ्या स्क्रीनवर वर कोपऱ्यात मेमरीचे आकडे धावायचे, मीटर फिरावा तसे. मी तो आकडा बघायला दीड वर्ष थांबलो होतो. आकडा धावत धावत गेला आणि ३२७६८ वर थांबला.

आकडा केबीत असतो, चौसष्ट एमबीला ६५५३६ यायला पाहिजे. मला घाम फुटला. मोठ्या माणसाला कसं सांगायचं? शेवटी म्हटलं, "काका, ही बत्तीसच आहे."

काका अनुभवी होते. म्हणाले, "बाळा, ऑनबोर्ड डिस्प्ले आहे ना, तो रॅम खातो. उरलेली विंडोजमधे दिसेल."

आता गंमत अशी की यात अर्धं खरं होतं. ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डमधेच बसवलेला डिस्प्ले खरंच रॅममधून वाटा घेतो. पण हेही मी वाचलेलं होतं, बरोबर दोन महिन्यांपूर्वीच्या अंकात, आणि त्यात आकडे होते. मी म्हटलं, "काका, तो आठ खाईल. आठ खाल्ली तर ५७३४४ दिसेल. बत्तीस कशी खाईल?"

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती बघायला लागली. अण्णांना मी काय बोललो त्यातला एक शब्द कळला नव्हता. पण आकडा कमी आहे एवढं कळलं, आणि आकडा कमी असणं ही गोष्ट त्यांना जन्मभर कळत होती. ते शांतपणे स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आमच्याकडे एक शीट कमी भरलं ना, तर सापडेपर्यंत गेट उघडत नाही. आम्ही बसतो." 

दहा मिनिटांत दुसरी बत्तीसची पट्टी आली. "पोराने चुकून बसवायची राहिली" असं काका म्हणाले. असेलही. परत आकडे धावले, ६५५३६. दुसऱ्या दिवशी आईने मॉनिटरला झेंडूची माळ घातली, सीपीयूवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, आणि अण्णांनी अंकांच्या गठ्ठ्यालाही हळदकुंकू वाहिलं. आईने विचारलं, रद्दीची पूजा कसली? अण्णा म्हणाले, "त्याचे पैसे वसूल झालेत." 

त्यानंतरची पाच-सहा वर्षं म्हणजे सीडीचं राज्य. आजच्या पोरांना हे सांगून पटत नाही की इंटरनेट असूनही मॅगझिनची सीडीच आमचं इंटरनेट होती. डायलअप म्हणजे फोन एंगेज, आईचा भाऊ सारखा ट्राय करतोय, आणि स्पीड सेकंदाला चार-पाच केबी. २००४ मधे विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक दोन आला, २६६ एमबीच्या आसपास होता. करा हिशोब, लाइन एकदाही न तुटता सोळा-सतरा तास. आणि लाइन तुटायचीच, आणि ती तुटली नाही तर लोडशेडिंग होतंच. तेच शंभर रुपयांच्या आसपासच्या अंकासोबत सीडीवर मिळत असेल तर कोण डाउनलोड करेल? गेमचे डेमो, विनअ‍ॅम्पच्या स्किन्स, अँटीव्हायरसचे अपडेट, ड्रायव्हर, सगळं त्या सीडीतून. एक अंक मी घ्यायचो, एक देवळाली कॅम्पचा मित्र घ्यायचा, एक सिडकोतला, आणि सीड्या फिरायच्या.

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, मला सीडीनेच दाखवलं. पीसीक्वेस्टवाले त्यांची स्वतःची लिनक्स सीडी द्यायचे, पीसीक्यू लिनक्स, रेड हॅटवर आधारलेली, आणि सोबत अंकात इन्स्टॉल कसं करायचं त्याची पानंच्या पानं. मी ती पानं वाचली. सगळी वाचली असती तर बरं झालं असतं. पार्टिशनच्या, म्हणजे हार्ड डिस्कचे भाग पाडायच्या स्क्रीनवर तीन ऑप्शन होते, मी त्यातला एक दाबला. सगळी पार्टिशन्स काढून टाका. विंडोज गेलं, आणि विंडोजमधे ताईचा एमकॉमचा प्रोजेक्ट होता, एकशे वीस पानं, सबमिशनला नऊ दिवस. ताईने तो परत टाइप केला, मी शेजारी बसून वाचून दाखवत होतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. ती आजही मला फोनवर काही दुरुस्त करायला सांगते तेव्हा आधी म्हणते, लिनक्स टाकू नकोस फक्त. हे २००२ साल. दोष मॅगझिनचा नव्हता, त्यांनी त्या ऑप्शनखाली चौकट टाकून इशारा दिला होता. चौकट पुढच्या पानावर होती. 

वापरून झालेल्या सीड्यांचं काय झालं तर त्या मामाने नेल्या. मामाची पिंपळगाव बसवंतला द्राक्षाची बाग आहे, मणी भरायला लागले की पाखरं येतात, तेव्हा चमकीच्या पट्ट्या बांधतात तशा त्याने सीड्या दोऱ्यात ओवून तारांना टांगल्या. वाऱ्याने फिरतात, ऊन पडलं की लखलखतात. जानेवारीत बागेत गेलं की डोक्यावर डिसेंबर २००१, मार्च २००२ असं सगळं लटकलेलं. दोन हंगामांत त्यांचं वरचं छापील लेबल उन्हाने सोललं, आणि लेबलसोबत चंदेरी थर पण गेला, नुसतं पारदर्शक प्लास्टिक राहिलं. सीडीचं असंच असतं, आपण जपतो खालची चकचकीत बाजू आणि डेटा असतो वरच्या लेबलच्या जस्ट खाली. ओरखडा वरून गेला की संपलं. मामा म्हणाला, आता पाखरं घाबरत नाहीत, नवीन आण. तोपर्यंत नवीन येणं कमी झालं होतं.

ते कमी कसं झालं, तर बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. देशात २००५ च्या जानेवारीत सुरू झालं, आमच्याकडे त्याच्या नंतर. सुरुवातीचा स्पीड २५६ केबीपीएस, आज हसाल, पण डायलअपवरून आलेल्याला ते गोदावरीला पाणी सुटल्यासारखं होतं. आणि त्यांचा एक प्लॅन होता ज्यात रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट. मग काय, पावणेदोनचा गजर. सहा तासांत जेमतेम एक सीडीभर उतरायचं. म्हणजे मॅगझिन महिन्यातून एकदा जे आणून द्यायचं ते मी रोज रात्री घरी आणायला लागलो, आणि तेही मला हवं तेच. एके दिवशी टेबलावर अंक होता आणि त्याचं प्लास्टिक तीन आठवडे मी फोडलंच नव्हतं. स्टेशनवरून चालत येताना न फोडणं वेगळं आणि हे वेगळं.

पण मॅगझिनं चाललीत हे मला नाही, अण्णांना आधी कळलं. ते रिटायर झाले होते, पण नवा अंक आला की चोळून बघायची सवय तीच. एका अंकाला म्हणाले, "कागद उतरवला रे. सत्तरचा आहे." मग दोन महिन्यांनी, "एक फर्मा गेला." मला कळेना ते का सांगतायत. मजकूर तर तेवढाच दिसत होता. त्यांनीच पानं उलटून दाखवलं, हे बघ, आधी पुढच्या वीस पानांत मॉनिटरची, मदरबोर्डची, प्रिंटरची पानभर जाहिरात असायची, आता चार आहेत. अंक तू विकत घेतोस त्याच्यावर नाही चालत, ह्या पानांवर चालतो. ती पानं गेली की फर्मा जातो. जाहिरातवाले नेटवर गेले होते, जिथे किती जणांनी बघितलं ते मोजता येतं. आणि मग एक दिवस अंक आला तो सपाट पाठीचा नव्हता. मधे दोन पिना मारलेला होता, गणपतीच्या आरत्यांच्या पुस्तकासारखा. अण्णांनी तो उघडला, पिनेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पाठ गेली. आता ह्याचं फार दिवस नाही." त्या मॅगझिनचं नाव घेत नाही. अण्णा बरोबर निघाले एवढंच.

बाहेरच्या देशातली यादी तर मोठी आहे. बाइट, ज्याला सगळ्या जगाने बाप मानलं, सप्टेंबर १९७५ ला सुरू झालं आणि जुलै १९९८ ला छापणं बंद. म्हणजे मी माझा पहिला अंक घ्यायच्या आधीच मोठा भिडू आउट झाला होता आणि मला पत्ताच नाही, मी आपला नवीन खेळ सुरू झाला म्हणून नाचतोय. पीसी मॅगझिनचा छापील अंक २००९ च्या जानेवारीत संपला, पीसी वर्ल्ड २०१३, मॅकवर्ल्ड २०१४. आणि अमेरिकेतली शेवटची दोन म्हणावीत अशी मॅक्झिमम पीसी आणि मॅकलाइफ, त्यांचे छापील अंक एप्रिल २०२३ ला थांबले. त्या बातमीवर मी एक मिनिट गप्प बसलो आणि मग लक्षात आलं की मी स्वतः शेवटचं कॉम्प्युटर मॅगझिन विकत घेऊन त्याला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. म्हणजे मारेकऱ्यानेच तेराव्याला रडायचं.

आणि उगाच सगळं सोनं होतं असं पण नाही. रिव्ह्यूमधे नऊ मार्क मिळालेल्या मॉनिटरची पानभर जाहिरात समोरच्याच पानावर असायची, हे काय लहान पोराला पण दिसत होतं. बाजारभावाचं पान हातात येईपर्यंत शिळं, कारण अंक छापायला आठवडे आधी जातो. २६ एप्रिल १९९९ ला तो सीआयएच व्हायरस फुटला, चर्नोबिल म्हणायचे, हार्ड डिस्कची सुरुवात पुसायचा आणि जमलं तर बायॉस पण खराब करायचा, म्हणजे मशीन चालूच होत नाही. माझ्या मित्राच्या वडिलांचं टॅक्सचं ऑफिस होतं, त्यांची दोन मशीन त्या दिवशी गेली. त्यातून कसं वाचायचं याचा झकास, आकृत्यांसह लेख मी वाचला तो मशीन जाऊन महिना उलटल्यावर. आणि जुने कॉम्प्युटर? साउंड कार्ड बसवलं की मोडेम बंद, मोडेम चालू केलं की प्रिंटर बंद, निळा स्क्रीन तर घरातल्या माणसासारखा. मला परत नको ते. कोणी विंडोज ९८ किती छान होतं म्हणतं तेव्हा मला कळतं की ह्याने वापरलं कमी आणि स्टार्टअपचा आवाज जास्त ऐकलाय.

मला आठवतं ते वेगळंच. अंक संपायचा. मागच्या कव्हरपर्यंत गेलो की पुढे काही नाही, आता महिनाभर जे वाचलं त्याच्याशी झटापट कर. म्हणून मग न आवडणारं पण वाचलं जायचं, प्रिंटरच्या शाईचा खर्च, स्कॅनरची तुलना, कोणत्या तरी बँकेने डेटाबेस कसा बदलला, आणि ते कधीतरी कुठेतरी उपयोगी पडायचं. ऑनबोर्ड डिस्प्ले किती रॅम खातो हे मी शोधायला गेलो नव्हतो. त्या महिन्यात तेवढंच उरलं होतं वाचायला, म्हणून वाचलं. आज मी दिवसात मॅगझिनच्या दोन अंकांएवढं वाचत असेन, पण सगळं मी विचारलेलंच असतं.

माझे अंक आता नाहीत. चार खोकी होती, लग्नानंतर जागा नाही म्हणून सराफ बाजारातल्या मित्राच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवली होती. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला तो मोठा पूर आला, नदीतला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला, पाणी सराफ बाजारात शिरलं. त्याच्या नुकसानापुढे माझी खोकी काय, मी विचारलं पण नाही. त्यानेच पंधरा दिवसांनी बोलवलं. साधा कागद भिजला तर वाळवून निदान पानं सुटतात, आर्ट पेपरवर जो गुळगुळीत थर असतो तो भिजला की चिकट होतो आणि वाळताना पानाला पान चिकटतं. प्रत्येक खोक्यात एक एक वीट तयार झाली होती. महिने दिसत होते पाठीवर, जून, जुलै, ऑगस्ट, पण उघडत काहीच नव्हतं. अण्णा सोबत आले होते. त्यांनी एक वीट उचलून नखाने कड उचकटून बघितली, सुटेना, म्हणाले, "कोटिंग चांगलं वापरलं होतं. म्हणूनच."

आता अण्णा ऐंशीच्या जवळ आलेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दोन्ही डोळ्यांचं. बाइटचे जुने अंक स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवलेले आहेत, ते मी त्यांना टॅबवर दाखवतो कधी कधी. ऑगस्ट १९८१ चा तो रंगीबेरंगी फुग्याचा अंक, रॉबर्ट टिनी या चित्रकाराचं कव्हर. मला आतली स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची माहिती बघायची असते, अण्णा कव्हरवरच अडकतात, दोन बोटांनी झूम करत करत जातात आणि टिंबं शोधतात. एका मर्यादेनंतर टिंबं जाऊन चौकोनच दिसायला लागतात. मग नाराज होऊन परत मागे येतात.

परवा त्यांना पीसी मॅगझिनचं सांगत होतो. की ते १९८२ मधे सुरू झालं आणि तिसऱ्याच अंकाला इतकं जाड झालं की मधे पिना मारणं जमेना, सपाट पाठ करावी लागली. अण्णा एकदम सरसावून बसले. हा विषय त्यांचा. म्हटलं, आणि पुढे डिसेंबर १९८३ चा अंक तर आठशे पानांवर गेला, मग त्यांनी महिन्याचं पंधरवड्यावर आणलं.

अण्णांनी डोळे मिटून हिशोब केला. "आठशे भागिले सोळा. पन्नास. पन्नास फर्मे?"

"हो."

"एका अंकाला?"

"हो अण्णा."

बराच वेळ गप्प होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "बाइंडिंगवाल्यांचे काय हाल झाले असतील रे."